पोटातील सोबती, फुफ्फुसांचे राखणदार



मृगाचा पाऊस सुरू झाला, की गावोगावच्या शाळांतून शिंका आणि खोकला ऐकू येऊ लागतो. मुलाला ताप येतो, नाक वाहू लागते, घसा बसतो. आई काळजीने दवाखाना गाठते आणि “लवकर गुण येईल असे जोराचे औषध द्या” अशी विनवणी करते. कित्येकदा तेवढीही तसदी घेतली जात नाही. मागच्या दुखण्यातील उरलेल्या गोळ्या फडताळात असतात, नाहीतर त्या शेजारच्या घरून मागून आणल्या जातात. सहा-सात दिवसांत मूल खेळू-बागडू लागते आणि सारे श्रेय गोळीला मिळते.

वस्तुस्थिती निराळी असते. साध्या सर्दी-पडशात त्या गोळीने रोगाच्या कारणाला स्पर्शही केलेला नसतो. पोटातील ज्या सूक्ष्म जीवांना राखावयाचे, त्यांचा मात्र तिने संहार केलेला असतो. या संहाराचा परिणाम छातीपर्यंत पोचू शकतो, असे अलीकडच्या संशोधनातून दिसू लागले आहे. पोट आणि छाती यांचे हे नाते समजून घेणे प्रत्येक शिक्षकाला आणि ग्रामपंचायतीच्या सदस्याला उपयोगाचे आहे.

विषाणू निराळा, जिवाणू निराळा

सर्दी, इन्फ्ल्युएंझा आणि कोविड हे विकार विषाणूंमुळे होतात. विषाणूला स्वतःचा संसार नसतो. तो माणसाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेवर आपली वाढ करतो. जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. तिला स्वतःचे कवच असते, स्वतःची प्रथिने बनविण्याची सोय असते. प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक औषधे, नेमक्या याच कवचावर किंवा सोयीवर घाला घालतात. विषाणूपाशी यांपैकी काहीच नसल्याने ही औषधे त्याचे काही बिघडवू शकत नाहीत. सर्दीवर प्रतिजैविक घेणे म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशातला प्रकार होय.

बंब नुसता सोमेश्वरी जाऊन थांबत नाही, ही यातील गंभीर बाब आहे. पोटात गेलेले औषध घातक जिवाणू कोणता आणि उपकारक कोणता, हे पाहत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते.

आतड्यातील वस्ती

ही वस्ती लहानसहान नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी भरतात. या जिवाणूंपैकी बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात नांदतात.

जिवाणू म्हणजे शत्रू, असा समज फार काळ रूढ होता. त्याला पहिला छेद देणाऱ्यांत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एली मेचनिकॉफ यांची गणना करावी लागेल. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हा शोध लावल्याबद्दल त्यांना १९०८ सालचे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक यांच्यासह मिळाले. आंबवलेल्या दुधातील जिवाणू आतड्याला हितकर असतात, असे मत त्यांनी मांडले होते. त्यांचे सर्वच तर्क पुढे टिकले नाहीत, पण काही जिवाणू माणसाचे मित्र असतात ही दृष्टी टिकली.

पोटाचा निरोप छातीला

पोटातील जिवाणूंचा फुफ्फुसांशी संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०११ साली याचे एक उत्तर मिळाले. तेथील शास्त्रज्ञांनी उंदरांना चार आठवडे प्रतिजैविके पाजली आणि नंतर त्यांच्या नाकावाटे इन्फ्ल्युएंझाचा विषाणू सोडला. ज्यांच्या आतड्यातील वस्ती उजाड झाली होती, त्या उंदरांची प्रतिकारशक्ती दुबळी पडली आणि त्यांच्या फुफ्फुसांत विषाणू अधिक प्रमाणात आढळला. औषध दिले गेले पोटात आणि पहारा ढिला पडला छातीत.

हा निरोप नेमका कोण पोचवितो? त्याचा एक वाहक सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात २०१७ साली ओळखला गेला. चहा, फळे आणि भाज्या यांतील फ्लॅव्होनॉइड नावाच्या द्रव्यांचे विघटन करून आतड्यातील एक जिवाणू डेसअमिनोटायरोसिन हा पदार्थ तयार करतो. या पदार्थामुळे शरीरातील इंटरफेरॉनची यंत्रणा सज्ज राहते. इंटरफेरॉन हे विषाणूला अटकाव करणारे शरीराचे स्वतःचे द्रव्य असून त्याचा शोध १९५७ साली लागला. संसर्गापूर्वीच हा पदार्थ मिळालेल्या उंदरांच्या फुफ्फुसांची हानी कमी झाली. संसर्ग झाल्यानंतर तो दिला, तेव्हा मात्र दुखणे उलट वाढले. विहीर तहान लागण्यापूर्वी खणावी लागते, ही शहाणीव शरीरालाही लागू पडते.

दुसरा वाहक अन्नातील चोथ्यापासून तयार होतो. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू माणसाला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवितात आणि त्यांपासून अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान स्निग्धाम्ले तयार होतात. ती रक्तात मिसळतात आणि त्यांचा प्रभाव हाडांतील मज्जेपर्यंत पोचतो. चोथायुक्त आहार दिलेले उंदीर इन्फ्ल्युएंझातून अधिक संख्येने वाचले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. त्यांच्यात विषाणूशी लढणाऱ्या पेशी अधिक कार्यक्षम झाल्या होत्या आणि फुफ्फुसांना इजा करणारा अतिरेकी दाहही आवरला गेला होता. चांगल्या राखणदाराला लढता यावे लागते आणि थांबताही यावे लागते.

माणसांवरील पुरावा

उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. माणसांवरील पुरावा अजून मर्यादित आहे, तथापि तो दुर्लक्षणीय नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी स्वयंसेवकांना पाच दिवस प्रतिजैविके देऊन इन्फ्ल्युएंझाची लस टोचण्यात आली. त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची संख्या सुमारे दहा हजार पटींनी घटली. ज्यांच्या शरीरात या रोगाविरुद्ध पूर्वीची प्रतिकारशक्ती कमी होती, त्यांना लसीचा पुरेसा लाभ मिळाला नाही.

भारतातील मोठा पुरावा ओडिशाच्या ग्रामीण भागातून आला. तेथील ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू आणि त्याचे खाद्य असलेली एक शर्करा सात दिवस देण्यात आली. रक्तात जंतुदोष होणे किंवा मृत्यू येणे यांचे एकत्रित प्रमाण दुसऱ्या गटात ९ टक्के होते. या गटात ते ५.४ टक्क्यांवर आले. श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील संसर्गही घटले. अर्थात, ही चाचणी केवळ विषाणूंपुरती नव्हती आणि मृत्यूंच्या संख्येत फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

हाँगकाँगमध्ये २०२१ साली कोविडच्या १०० रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या आतड्यात काही उपकारक जिवाणूंचे प्रमाण घटलेले आढळले. पण जिवाणू घटल्यामुळे दुखणे वाढले, की दुखण्यामुळे जिवाणू घटले, हे अशा तपासणीतून ठरत नाही. म्हणून दही किंवा जिवाणूंच्या पुड्या हा फ्ल्यूवरचा उपाय आहे, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. प्रत्येक जिवाणूचा गुण निराळा असतो. नवजात बालकाला तर वैद्यकीय सल्ल्यावाचून असे काहीही देऊ नये.

गावाने करावयाचे

तरीही काही गोष्टी निःशंकपणे करता येतात. पहिली गोष्ट, प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत आणि उरलेल्या गोळ्या वाटू नयेत. केंद्र शासनाने १ मार्च २०१४ पासून काही महत्त्वाची प्रतिजैविके ‘एच-१’ अनुसूचीत घालून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक केले. वेष्टनावरील उभी लाल रेघ चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये, असे बजावते. ती ओळखावयास शाळेतच शिकविता येईल.

याचा अर्थ प्रतिजैविकांना घाबरावे, असा मुळीच नव्हे. जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियात तीच प्राण वाचवितात. दोन महिने ते एक वर्षाच्या बालकाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, अथवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक वेळा होत असेल, तर विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे. डॉक्टरांनी दिलेले औषध मध्येच सोडू नये.

दुसरी गोष्ट आहाराची. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, पालेभाजी आणि ताक यांचे महत्त्व महाराष्ट्राच्या घराला नव्याने शिकवावे लागू नये. पण बिस्किटांचे आणि तळलेल्या पाकिटांचे पुडे आज वाडीवस्तीवरही पोचले आहेत. शाळेची परसबाग आणि शालेय पोषण आहारातील उसळ यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट आईच्या दुधाची. त्यात अशा काही शर्करा असतात, की ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातील बायफिडो जातीच्या जिवाणूंसाठी. बाळाबरोबर त्याच्या राखणदारांनाही जेवू घालण्याची ही निसर्गाची योजना आहे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, हा अंगणवाडीतून दिला जाणारा सल्ला या ज्ञानाने अधिकच दृढ होतो.

लसीकरण, हात धुणे, घरातील धूर कमी करणे यांना यांपैकी काहीही पर्याय नाही. ती तटबंदी आहे, आणि पोटातील सोबती हे आतील पहारेकरी आहेत. पुढच्या पावसाळ्यात एखादी माता जोराचे औषध मागू लागली, तर शिक्षकाने, आशा कार्यकर्तीने किंवा सरपंचाने तिला एवढेच विचारावे, की “डॉक्टरांनी हे लिहून दिले आहे का?” या एका प्रश्नाने त्या मुलाच्या पोटातील पहारेकरी जागेवर राहतील.