दार उघडे, हिशेबही उघडा
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील आपल्या हाती असलेल्या अहवालात दिला आहेच. त्याची पुनरुक्ती न करता, आपल्यापैकी अनेकांनी वेळोवेळी विचारलेल्या एका प्रश्नाचा आज आम्ही परामर्श घेऊ इच्छितो. येथे विनामूल्य उपचार घेणाऱ्या गरीब रुग्णांची छायाचित्रे अहवालात का नसतात? ती छापल्यास देणग्यांचा ओघ वाढेल, असे सुचविणाऱ्यांचा हेतू निःसंशय चांगला आहे. तथापि या प्रश्नाला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो लंडनमधील एका ख्रिस्ती सेवाकार्याशी निगडित आहे.

थॉमस जॉन बर्नार्डो यांचा जन्म १८४५ साली डब्लिन येथे झाला. चीनमध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून जाण्याचा संकल्प करून ते १८६६ साली लंडनला आले आणि तेथील लंडन हॉस्पिटलमध्ये शिक्षण घेऊ लागले. त्याच वर्षी शहराच्या पूर्व भागात पटकीची भीषण साथ पसरली. घरेच्या घरे उजाड झाली, मुले रस्त्यावर आली. उघड्यावर रात्र काढणारी ही मुले पाहून चीनचा विचार मागे पडला. १८६७ साली त्यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढली आणि १८७० साली स्टेपनी कॉजवे येथे मुलग्यांसाठी निवारा उघडला.

निवाऱ्यातील जागा मर्यादित होती. ‘कॅरट्स’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या जॉन सोमर्स या अकरा वर्षांच्या मुलाला एका रात्री जागेअभावी परत पाठवावे लागले. दोन दिवसांनी भूक व थंडीने गारठलेला त्याचा मृतदेह सापडला. त्यानंतर निवाऱ्याच्या दारावर पाटी लागली : कोणत्याही निराधार बालकास येथे प्रवेश नाकारला जाणार नाही. खाट रिकामी नाही, हे शब्द ज्यांना रुग्णाच्या नातेवाइकांसमोर उच्चारावे लागतात, त्यांना या पाटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु प्रवेश नाकारावयाचा नाही म्हटले की खर्चाला मर्यादा राहत नाही. पैसा उभा करण्यासाठी बर्नार्डो यांनी छायाचित्रांचा आधार घेतला. निवाऱ्यात येण्यापूर्वीचे फाटक्या वस्त्रांतील मूल आणि नंतरचे नीटनेटके, काम शिकणारे मूल, अशी जोडचित्रे विकली जात. लोकांची मने द्रवत आणि मदत येई. पुढे आक्षेप निघाले, की काही मुलांचे कपडे मुद्दाम फाडून, त्यांना होते त्याहून अधिक दीन दाखविले आहे. १८७७ साली लवादापुढे चौकशी झाली. संस्थेच्या कार्यावरील बहुतेक गंभीर आरोप लवादाने फेटाळले. मात्र छायाचित्रांतील अशा बनावटीला त्याने दोष दिला.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. ज्या मुलांना आसरा मिळाला, त्यांची गरज खरी होती. खोटे होते ते चित्र. देणगीदाराचे मन वळविण्यासाठी मुलाचे दैन्य वाढवून दाखविले, तर पैसा सत्कारणी लागला तरी त्या मुलाचा मान खर्ची पडतो, आणि हा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

दुसरा धडा याहून कठोर आहे. १८८२ पासून या संस्थेने मुलांना जहाजाने कॅनडात पाठविण्यास प्रारंभ केला. पुढील काही दशकांत सुमारे ३० हजार मुले गेली. शेतावर वा घरकामाला लागून त्यांचे भवितव्य उजळेल, अशी चालकांची श्रद्धा होती. काहींचे कल्याण झालेही. परंतु अनेकांच्या वाट्याला कष्ट, एकाकीपणा व मारहाण आली. त्यांच्यापैकी सर्वच अनाथ नव्हती. कित्येकांचे आईवडील हयात होते. बालकांना असे परदेशी धाडण्याच्या धोरणाबद्दल ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये जाहीर क्षमायाचना केली. एका बालकाला नाकारल्याचे शल्य बाळगणाऱ्या संस्थेने हजारो बालकांना आप्तांपासून दूर नेले. सद्हेतू असूनही हे घडले, कारण ज्याच्यासाठी कार्य चालते त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची रीत नव्हती.

बर्नार्डो १९०५ साली निवर्तले, तेव्हा संस्थेच्या ९६ गृहांत ८,५०० हून अधिक मुले होती. सोबत कर्जाचा मोठा भारही होता. संस्थेला त्यातून मुक्त करण्यासाठी अडीच लाख पौंडांचा स्मारकनिधी योजावा लागला. संस्था आजही कार्यरत आहे; परंतु जुनी अनाथगृहे बंद करून ती मुलांना त्यांच्या कुटुंबांसह आधार देते.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. या खाटांवरील रुग्ण कायद्याने मिळालेल्या हक्काने येतो. त्याच्या दुःखाचे चित्र मागण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि आपणही ते मागू नये, अशी नम्र विनंती आहे. आपल्या रुपयाचा हिशेब मात्र अवश्य मागावा. किती खाटा दिल्या, किती रुग्णांना परत पाठवावे लागले आणि का, हेही विचारावे. रुग्णांच्या आप्तांनी आपले बरेवाईट अनुभव निःसंकोच सांगावेत. तो अहवालाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.