वडिलांचा पाइप

नव्या जालन्यांतील आमच्या घरीं वडिलांचा लांकडी पाइप आहे; ओढण्यासाठीं नव्हे, आठवणीसाठीं जपलेला. भूमध्य समुद्राकांठच्या ब्रायर झुडपाच्या मुळाशीं होणाऱ्या गांठीपासून असे पाइप घडवितात.

प्रथम तोंडाची नळी हलकेंच फिरवून सुटी करावी. स्पिरिटाच्या फडक्यानें जुनें रोगण काढावें. मग बारीक पॉलिशपेपर लांकडाच्या रेषांच्या दिशेनें, हलक्या हातानें फिरवावा. शेवटीं मेण. मधमाशांचें मेण सुमारें ६३ अंशांवर वितळतें. पेटत्या पाइपावर तें चिकट होतें. म्हणून ओढणारे ८० अंशांपलीकडे टिकणारें, ब्राझीलच्या ताडाचें कार्नोबा मेण वापरतात. आमचा पाइप आतां पेटत नाहीं. त्यास मधमाशांचें मेणच पुरे. पातळ थर देऊन लोकरी कापडानें घासावें.

नळीवरील वडिलांच्या दांतांची खूण मात्र मीं घासली नाहीं.