मित्राच्या आजारपणात आपली श्रद्धा

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक दिनी प्रशासकाने आकडेवारी सादर करावी, असा प्रघात आहे. ती अहवालाच्या पुढील पानांवर दिलेली आहेच. ज्याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत मांडता येत नाही अशा एका विषयावर आज चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची सूचना होती. आपल्या निकटच्या मित्राला गंभीर आजाराने गाठले असता ख्रिस्ती श्रद्धा आपल्याकडून कशाची अपेक्षा करते, हा तो विषय होय. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते रुग्णालयाच्या कार्यालयातून दिसलेले आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

माझा एक बालमित्र गेली तीन वर्षे मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, त्याला डायलिसिस घ्यावे लागते. आम्ही एकाच मंडळीत वाढलो, एकाच बाकावर बसून रविवारच्या शाळेत शिकलो. त्याच्या आजाराची बातमी कळताच मंडळीतील लोक प्रार्थनेसाठी त्याच्या घरी येऊ लागले. त्या प्रार्थनांनी त्याला मोठा धीर दिला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु एका सभेत बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने त्याला असे सांगितले की, खरा विश्वास असेल तर यंत्राची गरज काय? मित्राने लागोपाठ दोन वेळा डायलिसिस चुकविले. तिसऱ्या रात्री त्याला धाप लागलेल्या अवस्थेत आणावे लागले. अंगात साठलेले पाणी फुफ्फुसांत उतरले होते आणि रक्तातील पोटॅशियम वाढल्याने हृदयाची लय बिघडू लागली होती. डॉक्टरांच्या तत्परतेने तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने मला एकच प्रश्न विचारला, "माझा विश्वास कमी पडला का रे?"

बंधुभगिनींनो, आजाराने जेवढे खचविले नव्हते तेवढे त्याला या प्रश्नाने खचविले होते. प्रार्थना जमेच्या बाजूला आणि आरोग्य नावेच्या बाजूला लिहून ताळेबंद जुळतो का, हे पाहणे म्हणजे श्रद्धा, अशी आपली समजूत झाली की रोग्याच्या दुखण्यात आपण अपराधाची भर घालतो. पवित्र शास्त्रात या हिशेबाला आधार सापडत नाही. ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. पुढे त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधावयास सुरुवात केली, आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाने दोष दिला तो ईयोबाला नव्हे, त्या तिघांना. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीन वेळा विनंती केली. तो काटा राहिला. त्याचा सहकारी त्रफिम आजारी पडला, तेव्हा त्याला मिलेत येथे मागे ठेवून पौलाला पुढे जावे लागले. पौल किंवा त्रफिम यांचा विश्वास अपुरा होता, असे कोणी म्हणत नाही. शिवाय पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता, हेही विसरता कामा नये.

आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती सेवेचा इतिहासही हेच सांगतो. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरज येथे रुग्णालय सुरू केले. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांपैकी एकाची निवड करावी, असा प्रश्न त्या परंपरेला पडला नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून प्रार्थना करवून घ्यावी व तेल लावून घ्यावे, असे सांगितले आहे. औषध सोडावे, असे सांगितलेले नाही.

मग मित्राने काय करावे? मार्ककृत शुभवर्तमानात कफर्णहूम येथील एका पक्षाघाती मनुष्याची कथा आहे. चौघांनी त्याला बाजेवर उचलून आणले आणि गर्दीमुळे दारातून जाता येईना, तेव्हा छप्पर उकलून त्याला खाली सोडले. तेथे प्रभूने त्या उचलून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असा उल्लेख आहे. रोग्याला स्वतः उभे राहण्याचे बळ नसते, तेव्हा त्याच्यासाठी बाज उचलणे हा मित्रांचा विश्वास होय.

रुग्णालयात या बाजेला चार कोपरे असतात, असे मी म्हणेन. पहिला कोपरा वेळेचा. माझ्या मित्राच्या मंडळीतील चार गृहस्थांनी आता वार वाटून घेतले आहेत. ठरलेल्या दिवशी कोणी तरी त्याला आणतो, चार तास थांबतो आणि घरी पोहोचवितो. त्या आजारी रात्रीनंतर त्याचा एकही डायलिसिस चुकलेला नाही. दुसरा कोपरा ज्ञानाचा. प्रेमाने आणलेले शहाळे किंवा मोसंबी मूत्रपिंडाच्या रुग्णास पोटॅशियममुळे अपायकारक ठरू शकते. म्हणून भेटीस येताना काय आणावे, हे परिचारिका भगिनींना आधी विचारावे. तिसरा कोपरा पैशांचा. खाटेभोवती गर्दी असते, देयकाच्या खिडकीपाशी मात्र रुग्णाची पत्नी एकटी उभी असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका यांसाठी धावपळ करणारा मित्र, माझ्या मते, प्रार्थनेतच असतो. मूत्रपिंडदानाविषयीही अनेक जण विचारतात. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने निकटच्या नातलगांव्यतिरिक्त, केवळ स्नेहापोटी व कोणताही मोबदला न घेता दान करू इच्छिणाऱ्यालाही वाट ठेवली आहे. मात्र त्यासाठी प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी आवश्यक असते. हे धाडस सर्वांना शक्य नाही आणि ते न करणाऱ्याने स्वतःला उणे समजू नये.

चौथा कोपरा सर्वांत जड आहे, तो म्हणजे केवळ सोबतीचा. गेथशेमाने बागेत प्रभूने आपल्या शिष्यांकडे उपाय मागितला नाही. जागे राहून सोबत करण्यास सांगितले, आणि तेवढेही त्यांना साधले नाही. लाजराच्या कबरेपाशी तोच प्रभू रडला. अश्रूंना अविश्वास समजण्याचे त्यामुळे आपणांस कारण नाही.

मित्राच्या त्या प्रश्नाला मी नाही असे उत्तर दिले, आणि आजही तेच देईन. तो बरा होईल किंवा नाही, हे मला सांगता येत नाही. त्याच्यासाठी बरे होण्याची प्रार्थना आम्ही रोज करतो व करीत राहू. पण त्या प्रार्थनेचे उत्तर काहीही येवो, त्याने विश्वासाच्या परीक्षेत नापास झाल्याचे दुःख उशाशी घेऊन झोपू नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.

आमच्या कर्मचारी बंधुभगिनींना माझी नम्र विनंती आहे की, कोणत्याही धर्माच्या रुग्णाने असा प्रश्न विचारल्यास घाई न करता घटकाभर त्याच्याजवळ बसावे. येथे येणारा प्रत्येक रुग्ण कोणाचा तरी मित्र आहे.