भागाकार कुठे अडला?

कागद-पेन्सिल जवळ असेल तर एक गणित घ्या. आठशे चोवीसला आठानं भागा. तोंडी नको, चौथीत करत होतो तसं मांडून करा. तुमचं होईपर्यंत मी बोलत राहते.

जून उजाडला की आमच्या सोलापुरात दोन रांगा दिसतात. एक पाण्यासाठी आणि दुसरी शाळेच्या ऑफिसपुढं. या दुसऱ्या रांगेत सातवीचं प्रगतिपुस्तक घेऊन आई-बाप उभे असतात आणि बहुतेकांचं मागणं एकच असतं, "बाई, पोराला सेमीत घ्या की ओ." सेमी म्हणजे सेमी इंग्रजी. बाकीचे विषय मराठीतून, गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीतून. काही शाळांत ते पाचवीपासून असतं, काहींत आठवीपासून. कागदोपत्री हा माध्यमाचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात कित्येक शाळांत ती गणिताची चाळणी होऊन बसली आहे. गणित चांगलं तो सेमीत, सेमी म्हणजे अ तुकडी. उरलेले मराठीत, म्हणजे क आणि ड. ड तुकडीतलं पोर 'ढ' व्हायला मग वेळ लागत नाही. ढ हे अक्षर ब्राह्मी लिपीपासून फारसं बदललं नाही, म्हणून जो पुढं सरकत नाही तो ढ, असं काही जण सांगतात. खरं-खोटं लिपीचे जाणकार जाणोत. पण अक्षर सरकलं नाही हा अक्षराचा दोष की लिहिणाऱ्यांचा, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी तीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीचशी शहराच्या पूर्व भागात. तिथं यंत्रमागाचा खडखडाट वर्गात ऐकू येतो आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात तेलुगू बोलतात. पद्मशाली समाज तेलंगणातून विणकामासाठी इथं आला आणि इथलाच झाला. अक्कलकोटकडून आलेल्या मुलांच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. शाळा मराठी. आता मराठीतले आकडे बघा. एकवीस म्हणताना एक आधी, वीस नंतर. सदुसष्टमध्ये सात आधी, साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी. तेलुगूत सदुसष्टला म्हणतात अरवै एडु, साठ-सात. कन्नडमध्ये अरवत्तेळु, तेही साठ-सात. जसं बोलायचं तसं लिहायचं. घरी साठ-सात ऐकत वाढलेली मुलगी शाळेत सदुसष्ट ऐकते आणि ७६ लिहून मोकळी होते. बाई लाल फुली मारतात. अशा पाच फुल्या झाल्या की मुलगी गणितात कच्ची ठरते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचनाची जोड पद्धत आली, साठ सात अशी, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. मराठी बुडाली असं म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली, विधानसभेतही तो विषय गाजला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरांचे अवघड शब्द लहान मुलांना जड जातात, म्हणून ही सोपी वाट. मलाही सदुसष्ट हा शब्द सोडवत नाही, तो कानाला गोड आहे. पण त्या दिवसांत मला पूर्व भागातल्या आया आठवत होत्या. पुण्या-मुंबईला जी पद्धत परकी वाटली, ती आमच्याकडच्या कितीतरी मुलांच्या स्वयंपाकघरातली होती.

अशाच एका मुलीची गोष्ट सांगते. नाव नको. आई विडी वळायची. मुलगी सहावीतून सातवीत आली ती गणितात जेमतेम. तोंडी परीक्षेला माझ्यासमोर उभी राहिली, पाढे अडखळत म्हणाली. मी सहज विचारलं, "काल आईच्या किती विड्या झाल्या गं?" म्हणाली, "साडेआठशे, तीस बाद केल्या." समजा हजाराला दोनशे रुपये मजुरी, तर किती मिळतील? तिनं फळ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आठशे वीस उरल्या. पंचवीसची एक जुडी. बत्तीस जुड्या नि वर वीस विड्या. जुडीला पाच रुपये, एकशे साठ. वीस विड्यांचे चार. एकशे चौसष्ट." मी कागदावर ताडून पाहिलं. बरोबर. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत जे त्रैराशिक मांडलं, ते हेच. भास्कराचार्य शेजारच्या विजापूरचे की चाळीसगावजवळच्या पाटणचे यावर विद्वान भांडतात. ही मुलगी दोन्ही गावं न बघता त्रैराशिक करत होती. पुस्तकात त्याचं नाव एकमान पद्धत, आठवीत गेल्यावर सम चलन. नावं बदलत जातात आणि दर वेळी पोरीला वाटतं की काहीतरी नवीन संकट आलं.

मग ती वर्गात का नापास होत होती? तिची वही घेऊन बसले. आता तुमचं गणित बघू या. आठशे चोवीस भागिले आठ. उत्तर आहे एकशे तीन. तुमच्यातल्या काहींचं तेरा आलं असेल, लाजू नका. आठ एके आठ, बाकी शून्य, वरचे दोन खाली घेतले, दोनाला आठाचा भाग जात नाही. इथं वर शून्य लिहायचं असतं. ते न लिहिता पुढचा चार खाली घेतला की चोवीस, आठ त्रिक चोवीस, आणि उत्तर तेरा. त्या मुलीच्या वहीत पानोपानी हीच एक चूक होती. सरळ रूप दे, सरासरी काढ, शेकडेवारी काढ, प्रश्न कुठलाही असो, भागाकारात मधलं शून्य आलं की ती घसरायची. वीसपैकी नऊ गुण. गुण हे सांगतात की किती चुकलं. कुठं चुकलं ते वहीच सांगते, आणि वही बघायला साठ-सत्तर मुलांच्या वर्गात वेळ कुणाला असतो? मलाही नसायचा. ते शून्य शिकवायला आठ दिवस लागले. तोवर तुकड्यांची यादी लागली होती. ती दोन वर्षं खालच्या तुकडीत राहिली.

हा एका मुलीचा किंवा एका गावाचा प्रश्न असता तर मी रेडिओवर आले नसते. प्रथम संस्था ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन असरची पाहणी करते, त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगतात. २०२४ च्या अहवालात आठवीतल्या ४५.८ टक्के मुलांनाच ते जमलं. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं भागाकार अडलेला असताना समीकरणं सोडवायला बसतात. कुठं अडलं ते न बघता त्यांना गणिताच्या कोणत्या तुकडीत घालायचं, हा प्रश्न आपण उलट्या टोकानं विचारतो.

उलट्या टोकाचा एक प्रयोग आपण महाराष्ट्रात करून पाहिला आहे. नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी 'सामान्य गणित' घेता यायचं. हेतू चांगला होता. गणितामुळं दहावीत अडकलेली, शाळा सोडून मागावर जाणारी मुलं पास व्हावीत. कित्येक झालीही, हे नाकारून चालणार नाही. पण त्या विषयाच्या पुढं सायन्सचं दार लागलेलं असायचं. आणि तो निर्णय कधी व्हायचा? आठवी संपता संपता, तेराव्या-चौदाव्या वर्षी. मी ज्या शाळेत होते तिथं शंभर टक्के निकालाचा ध्यास होता. काठावरच्या मुलांच्या पालकांना बोलावून सामान्य गणिताच्या अर्जावर सह्या घेण्याचं काम माझ्याकडं असायचं. मी ते मन लावून केलं. बाप अंगठा उठवायचा किंवा वेडीवाकडी सही करायचा आणि म्हणायचा, "बाई, तुम्ही म्हणताय तर बरोबरच असेल." निकाल वाढला, फलकावर शंभर टक्के झळकलं. त्यातल्या किती मुलांचा फक्त भागाकार अडला होता, ते मी तपासलं नव्हतं. २०१७-१८ च्या सुमाराला नवा अभ्यासक्रम आला आणि हा पर्याय बंद झाला. अध्ययन अक्षम मुलांना मात्र सातवीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा एक विषय घेण्याची मुभा राहिली. ती योग्यच आहे, आणि तिचा फायदा घेताना कुणी संकोच करू नये.

पर्याय बंद झाला, प्रश्न तसाच राहिला. सीबीएसईनं २०२० च्या परीक्षेपासून दहावीला दोन गणितं केली, स्टँडर्ड आणि बेसिक. त्यातली एक गोष्ट मला पटते. अभ्यासक्रम एकच, वर्गही एकच, फक्त शेवटच्या प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. वर्षभर मूल तेच गणित ऐकतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विषयांच्या दोन पातळ्यांची कल्पना आहे. आपल्या राज्यातही हा विषय पुन्हा येऊ शकतो, तेव्हा सही करण्याआधी पालकांनी एवढंच विचारावं की या तुकडीतून त्या तुकडीत परत कधी जाता येतं, आणि त्यासाठी काय करावं लागतं. याचं उत्तर नसेल तर सही करू नये.

सगळ्यांना एकत्रच बसवा, हाही उपाय सोपा नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये ठरवलं की आठवीत बीजगणित कुणालाच नको, सगळे नववीत शिकतील. हुशार-कच्चा हा भेद मिटावा म्हणून. झालं असं की ज्यांना परवडत होतं त्यांनी बाहेर शिकवण्या लावल्या, आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी मतपेटीतून सांगितलं की बीजगणित परत आणा. शिकवणीचा हा धडा आपल्या लोकांना कुणी शिकवायची गरज नाही म्हणा.

मुंबई आणि बडोद्यात मात्र एक साधी गोष्ट घडली होती. प्रथमनं वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुलींना 'बालसखी' म्हणून नेमलं. मागं पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास बाजूला घेऊन ती जिथं अडली तिथून शिकवायचं आणि उरलेला दिवस ती मुलं आपल्याच वर्गात. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी त्याचा अभ्यास केला, त्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलं पुढं सरकली होती. तुकडी होती, पण दोन तासांची. संध्याकाळी ती मोडायची. सोलापुरात बारावी झालेल्या, घरी बसलेल्या मुली काय कमी आहेत?

मागच्या जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सामान्य गणितावर माझ्याच सांगण्यावरून गेलेला. आता चादरीचं डिझाइन करतो. पूर्वी ही नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढत आणि त्यावरून जकार्डचे पुठ्ठे पाडत. आता तो संगणकावर करतो. मला दाखवत होता, एक वेल चोवीस धाग्यांनी फिरते, दुसरी छत्तीस धाग्यांनी, तर दोन्ही एकत्र कुठं जुळतील. "बहात्तरला," मी म्हटलं. "लसावि." तो हसला. "ते लसावि आहे होय? आम्ही जोड म्हणतो." मग जरा थांबून म्हणाला, "बाई, मला बीजगणित जमलंच नसतं का ओ?"

मी चहा टाकायला आत गेले.

तो आला होता मुलीसाठी. आठवीत चालली होती, शाळेनं सेमी नको, मराठी तुकडीच बरी असं सुचवलं होतं. मी तिला पाटावर बसवलं, कागद दिला आणि आठशे चोवीस भागिले आठ घातलं. आम्ही दोघं गप्प. तिचे ओठ हलत होते, तेलुगूत मोजत होती. आठ एके आठ झालं. दोन खाली आले. पेन्सिल थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनं वर बारीकसं शून्य काढलं आणि चार खाली घेतला.

"मग बाई, सेमी का मराठी?" बापानं विचारलं.

"ते राहू दे. उद्यापासून चारला हिला इकडं पाठव," मी म्हटलं, "आणि दिवाळीला पुन्हा बघू."