शरीर आजारी असले, तरी मन आजारी नको
(वर्षावासात विहारात केलेल्या भाषणावरून)



आज आम्ही घरोघरचाच विषय घेऊन उभे आहोत. तो म्हणजे शुगर, मधुमेह. ताप येतो आणि जातो. मधुमेह एकदा आला की बहुतेकांना जन्मभर सांभाळावा लागतो. असा आजार माणसाच्या मनाचे आणि वागण्याचे काय करतो, तेवढेच सांगायचे आहे.

पहिल्यांदा माणूस मानतच नाही. "मला काही दुखत नाही, मग आजार कसला?" असे म्हणतो. साखर वाढली तरी पुष्कळ दिवस काही जाणवत नाही, हीच तर खरी फसगत. मग तो लपवतो. बरे वाटले की गोळ्या बंद करतो. तपासणीच्या आधी दोन दिवस पथ्य पाळतो. पण एचबीएवनसी नावाची तपासणी मागच्या सुमारे ३ महिन्यांचा हिशेब सांगते. दोन दिवसांच्या पथ्याने ती फसत नाही. पुढे येतो राग, तोही घरच्यांवर. शेवटी निराशा. "इन्शुलिन लागले म्हणजे संपले," असे म्हणतात. वास्तविक १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा रुग्णाला इन्शुलिन दिले गेले, तेव्हापासून त्याने असंख्य माणसे जगवली.

बंधू-भगिनींनो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आम्हाला शुगर निघाली ते आम्ही वर्षभर घरात सांगितले नाही. मुलीचे लग्न ठरायचे होते. लोक काय म्हणतील, खर्च कुठून येईल, हीच धास्ती. लग्नाकार्यात आग्रह झाला की लाडू खायचो. एकदा चप्पल चावली. पायाला बधिरपणा, त्यामुळे कळलेच नाही. जखम चिघळली आणि पायाचा अंगठा काढावा लागला. तेव्हा पत्नी म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंत? पोरगा मिळवता झालाय, मी शिवण घेते. घराचं मी बघते. तुम्ही तुमचा पाय सांभाळा." त्या रात्री आम्हाला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

ही अडचण काही आजची नाही. भगवंतांच्या काळी भग्ग देशात नकुलपिता नावाचे उपासक होते. ते फार आजारी पडले, तेव्हा पत्नी नकुलमातेने ओळखले की यांना घराची काळजी पोखरते आहे. तिने धीर दिला, मला सूत कातता येते, मुलांना मी सांभाळीन, धम्मही सोडणार नाही. नकुलपिता बरे झाले आणि काठी टेकत भगवंतांच्या दर्शनाला गेले. अशी पत्नी लाभली हे तुमचे भाग्य, असे भगवंत त्यांना म्हणाले. हेच नकुलपिता म्हातारपणी पुन्हा गेले, तेव्हा भगवंतांनी सांगितले की शरीर आजारी असले तरी मन आजारी होणार नाही, असा अभ्यास करा.

आपल्या बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पाय दुखत, दृष्टी मंदावली होती. त्यांनी उपचार घेतले, डॉक्टर असलेल्या माईसाहेबांची शुश्रूषा घेतली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला धम्म दिला. मदत घेण्यात कमीपणा असता, तर त्यांनी ती घेतली असती का?

म्हणून आमची विनंती आहे. आजार निघाला तर त्याच दिवशी घरात सांगा. घरच्यांनीही पोलिसासारखा पहारा करू नये. एकट्याचे ताट वेगळे करण्यापेक्षा सर्वांनीच कमी गोडाचे, भाजी-डाळीचे जेवण घ्यावे. रोज रात्री त्याचे तळवे उजेडात बघावेत. भोजनदानात खिरीचा आग्रह नको. सारखे रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यालाही औषध आहे.

आमचा अंगठा गेला, तो परत येणार नाही. पण हे ऐकून तुमच्यापैकी एकाने जरी आज घरी जाऊन तोंड उघडले, तरी आमच्या बोलण्याचे चीज झाले, असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जय भीम!