पॉकेटची रुंदी आणि विक्रमाचा न्याय



१९७९ सालचा जानेवारी महिना. इंग्लंडमधल्या स्लाऊ इथे स्नूकरची एक स्पर्धा चालली होती. टेबलाशी जॉन स्पेन्सर होता, तीन वेळा जगज्जेता झालेला खेळाडू. खुर्चीत बसून त्याचा खेळ पाहत होता त्याचा प्रतिस्पर्धी, कॅनडाचा क्लिफ थॉरबर्न. स्पेन्सरने एकामागोमाग पंधरा लाल चेंडू घातले, प्रत्येक लाल चेंडूनंतर काळा घातला आणि शेवटी सहाही रंगीत चेंडू. एकशे सत्तेचाळीस गुण, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची चूक झालेली नसताना स्नूकरच्या एका ब्रेकमध्ये, न चुकता खेळलेल्या एका सलग पाळीत, मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण. स्पर्धेच्या सामन्यात हे तोवर कुणालाही साधलं नव्हतं.

पण या एकशे सत्तेचाळीसचं चित्रण नाही. दूरचित्रवाणीची माणसं त्या वेळी विश्रांतीसाठी गेली होती. आणि अधिकृत विक्रमांतही त्याची नोंद नाही. कारण त्या टेबलाची पॉकेट्स प्रमाणापेक्षा मोठी होती.

तीन वर्षांनी, जानेवारी १९८२ मध्ये, ओल्डहॅम इथे स्टीव्ह डेव्हिसने एकशे सत्तेचाळीस केले. तिथे कॅमेरे चालू होते, तो ब्रेक अधिकृत ठरला आणि डेव्हिसला बक्षीस म्हणून मोटार मिळाली. त्या दिवशी समोर खुर्चीत बसलेला प्रतिस्पर्धी होता जॉन स्पेन्सर.

स्पेन्सरबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तरीही त्याचा विक्रम नाकारला गेला हे योग्यच झालं, असं माझं मत आहे. आणि हे मत मी का धरून आहे तेच आज आपल्यासमोर मांडायचं आहे.

सामना आणि विक्रम या दोन गोष्टींचा न्याय वेगवेगळा असतो. स्लाऊच्या टेबलाची पॉकेट्स मोठी होती, पण ती स्पेन्सरसाठी जितकी मोठी होती तितकीच थॉरबर्नसाठीही होती. त्यामुळे त्या सामन्याच्या निकालाला कुणी बोट लावू शकत नाही. विक्रमाचा प्रतिस्पर्धी मात्र त्या खोलीत नसतोच. तो पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात खेळून गेलेला असतो, किंवा अजून जन्मालाही आलेला नसतो. त्याच्या वतीने बोलायला तिथे कुणी नाही. त्याची बाजू मांडू शकते ती फक्त मोजपट्टी. स्नूकरमध्ये पॉकेट तपासायला टेम्प्लेट, म्हणजे ठरलेल्या आकाराचा साचा असतो. तो पॉकेटच्या तोंडात बसवून पाहायचा. बसला तर टेबल प्रमाणित, नाही तर नाही.

आता पूलकडे येऊ, कारण हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो तिथेच. पूलचा एक जुना प्रकार आहे, स्ट्रेट पूल. चेंडू पंधरा. कोणता चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी सांगायचं, आणि घातलेल्या प्रत्येक चेंडूला एक गुण. चौदा चेंडू गेले की पंधरावा जिथे असेल तिथेच ठेवायचा आणि बाकीचे चौदा पुन्हा त्रिकोणात रचायचे. मग तो सुटा चेंडू असा घालायचा की क्यू बॉल, म्हणजे काठीने मारायचा पांढरा चेंडू, जाऊन रचलेला त्रिकोण फोडेल. चूक होईपर्यंत हे चालूच राहतं. न चुकता किती चेंडू घातले, तो आकडा म्हणजे त्या खेळाडूचा रन.

या खेळातला सगळ्यांत प्रसिद्ध आकडा आहे पाचशे सव्वीस. १९ मार्च १९५४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी, ईस्ट हाय बिलियर्ड क्लबमध्ये, विली मॉस्कोनीने एका प्रदर्शनीय सामन्यात तो उभा केला. तिथे हजर असलेल्या तिसाहून अधिक लोकांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. १९६० मध्ये मायकेल युफेमियाने ब्रुकलिनमध्ये सहाशे पंचवीस केल्याचं सांगितलं जातं, पण असं प्रतिज्ञापत्र नसल्यामुळे तो आकडा अधिकृत झाला नाही. मॉस्कोनीचा पाचशे सव्वीस पासष्ट वर्षं टिकला. २७ मे २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन श्मिटने सहाशे सव्वीस केले, तेही चित्रीकरणासह. जानेवारी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉने सातशे चौदा केले.

हे आकडे एकाखाली एक लिहिले की शर्यत वाटते, पण टेबलं सारखी नव्हती. मॉस्कोनीचं टेबल चार फूट बाय आठ फुटांचं होतं आणि श्मिटचं साडेचार बाय नऊचं. लहान टेबलावर लांबचे फटके कमी खेळावे लागतात, पण चेंडू दाटीवाटीने बसतात आणि क्यू बॉलला वाट काढणं अवघड होतं. म्हणून आठ फुटी टेबल सोपं असं मी सरसकट म्हणणार नाही. पण ते वेगळं होतं एवढं नक्की. आणि साक्षीदाराच्या सहीने चेंडू गेले एवढंच सिद्ध होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला पॉकेटची रुंदी डोळ्यांनी कशी सांगता येईल?

पॉकेटच्या रुंदीने खरोखर किती फरक पडतो ते पाहू. पूलच्या चेंडूचा व्यास सत्तावन्न पूर्णांक पंधरा शतांश मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंच. जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच असावं लागतं. साडेचार इंच म्हणजे बरोबर दोन चेंडूंची रुंदी. चेंडू काठाला न शिवता आत जायचा असेल तर त्याला इकडे-तिकडे मिळून सव्वादोन इंचांची मोकळीक आहे. तोंड पाच इंचांचं केलं तर हीच मोकळीक पावणेतीन इंच होते, म्हणजे एक-पंचमांशापेक्षाही जास्त वाढते.

एका फटक्यात हा फरक जाणवणार नाही. लांब रनमध्ये मात्र तो साचत जातो. केवळ हिशेबासाठी धरू की एक खेळाडू सरासरी दोनशे फटक्यांत एकदा चुकतो. मग सलग पाचशे चेंडू घालण्याची त्याची शक्यता शंभरात आठ येते. पॉकेट थोडं सैल झालं आणि तोच खेळाडू अडीचशे फटक्यांत एकदा चुकू लागला, तर ती शक्यता शंभरात साडेतेरा होते. माणूस तोच, हातही तोच, आणि विक्रमाची संधी दीड पटीहून जास्त. ही भर खेळाडूने घातलेली नाही, सुताराने घातली आहे.

आपल्या घरातल्या कॅरमवरून हे लगेच उमगेल. प्रमाणित कॅरमचं पॉकेट साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असतं. गल्लीतल्या बोर्डावर, जिथे पॉकेटच्या कडा वर्षानुवर्षं घासून बोथट झालेल्या असतात, तिथे काठावर थांबायला हवी ती सोंगटी अलगद आत घसरते. अशा बोर्डावर स्लॅम मारणाऱ्या, म्हणजे एकाच पाळीत आपल्या सगळ्या सोंगट्या घालणाऱ्या मुलाचं कौतुक करावं, शाबासकी द्यावी. पण तो स्लॅम राष्ट्रीय स्पर्धेतल्या स्लॅमच्या शेजारी लिहू नये.

इथवर मी पॉकेट मोठं असण्याबद्दल बोललो. पण दोष उलट्या बाजूनेही असतो आणि त्याची चर्चा फार कमी होते. योग्य वेगाने नेमका मारलेला चेंडू आत शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. हे कसं होतं?

पूलच्या टेबलावर पॉकेटच्या दोन्ही बाजूंना, कुशन जिथे संपते तिथे, रबरी पट्ट्या लावलेल्या असतात. त्यांना मागच्या बाजूला, खालच्या दिशेने थोडी तिरकी कड द्यावी लागते, बारा ते पंधरा अंशांची. त्यामुळे चेंडू पट्टीवर आदळला की खाली दाबला जातो. ती तिरकी कड चुकली, किंवा पट्टीचा गोंद सुटून ती सैल झाली, की चेंडू या दोन पट्ट्यांमध्ये, म्हणजे पॉकेटच्या जबड्यांमध्ये, खडखडतो आणि परत फिरतो. पॉकेटच्या मागच्या बाजूचं अस्तर फार कडक असेल किंवा जरा पुढे सरकलेलं असेल, तर जोराने आलेला चेंडू त्यावर आपटून उसळतो. आणि जिथे चेंडू आपोआप परत येण्याची नळी नसते, अशा टेबलावर खालची जाळी किंवा पिशवी भरत जाते. भरलेल्या पॉकेटमध्ये नवा चेंडू आला की तो आधीच्या चेंडूंवर आपटून बाहेर पडू शकतो. सलग शेकडो चेंडू घालणाऱ्या माणसाला हा धोका अर्थातच सगळ्यांत जास्त.

नियम याबाबत कठोर आहे. पॉकेटमधून उसळून टेबलावर परत आलेला चेंडू गेला असं धरत नाहीत. अमेरिकेतल्या पूलच्या नियमपुस्तकात यापुढचं एक कलम आहे. भरत आलेली पॉकेट्स रिकामी करणं हे पंचाचं काम, पण ते होतंय की नाही यावर लक्ष ठेवणं ही खेळाडूची जबाबदारी. भरलेल्या पॉकेटमधून चेंडू उसळला तर खेळाडूला दाद मागता येत नाही.

पहिल्यांदा हे वाचताना अन्याय वाटतो. पाचशेव्या चेंडूशी उभा असलेला माणूस, बिनचूक फटका, आणि दोष लाकडाचा किंवा पिशवीचा. त्याची दाद का घेऊ नये? पण या नियमाच्या बाजूने मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. उसळलेला चेंडू खरोखर पॉकेटच्या दोषामुळे उसळला की फटका जरा जास्त जोरात गेला म्हणून, हे त्या क्षणी कुणाला ठरवता येणार? पंचाने एकदा "हा चेंडू गेला असं धरू" म्हटलं की विक्रमातला एक गुण टेबलाने न देता माणसाने दिलेला होईल. मग पुढच्या खेळाडूलाही तोच न्याय द्यावा लागेल. त्यापेक्षा टेबलावर जे घडलं तेच खरं मानणं योग्य, मग ते कितीही कडू असो.

म्हणजे मी दोन्ही बाजूंनी खेळाडूच्या विरोधात बोलतो आहे, असं आपल्याला वाटेल. मोठ्या पॉकेटचा फायदा त्याला द्यायचा नाही, आणि बिघडलेल्या पॉकेटचं नुकसान मात्र त्यानेच सोसायचं. हो, माझं म्हणणं तेच आहे. पण म्हणूनच टेबलाची तपासणी रन सुरू होण्याआधी व्हायला हवी आणि ती करणं आयोजकांचं काम आहे. स्पेन्सरच्या बाबतीत खरी चूक कुठे झाली असेल तर ती इथे झाली. ज्या टेबलावर साचा बसत नव्हता ते टेबल स्पर्धेत आणायलाच नको होतं.

या प्रश्नाला शतकाहून जुना इतिहास आहे. १८७० मध्ये लंडनला बिलियर्ड्सच्या विजेतेपदासाठी थोरला जॉन रॉबर्ट्स आणि विल्यम कुक खेळले, तेव्हा खास टेबल बनवून पॉकेट्स तीन इंचांवर आणली होती. एकाच जागेवरचा लाल चेंडू पुन्हा पुन्हा घालून गुण जमवण्याची युक्ती रोखायची, हा हेतू होता. १९०७ मध्ये टॉम रीसने लंडनमध्येच चार लाख नव्याण्णव हजार एकशे पस्तीस गुणांचा ब्रेक केला. पॉकेटच्या जबड्याशी दोन चेंडू जवळजवळ अडकवून ठेवायचे आणि क्यू बॉलने त्यांना हलकेच शिवत राहायचं, ही त्याची रीत. सुमारे पाच आठवडे हा ब्रेक चालला. सगळा वेळ पत्रकार आणि प्रेक्षक हजर नव्हते, म्हणून तो अधिकृत मानला गेला नाही. त्या युक्तीवर लगेच बंदीही आली. वॉल्टर लिंड्रमने १९३२ मध्ये चार हजार एकशे सदतीस केले. तो आकडा आजही सांगितला जातो तो त्या काळच्या नियमांसह. आपल्या मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत एक हजाराचा टप्पा ओलांडला, तेव्हाही तो कोणत्या नियमाखाली ओलांडला हे त्या आकड्याला जोडूनच लिहिलं गेलं.

बिलियर्ड्सने ही शिस्त पाळली. पूलच्या लांब रनच्या बाबतीतही ती हवी आहे, आणि आता तर ती सोपी आहे. कॅमेरा आहे, मोजायची साधनं आहेत. अधिकृत प्रयत्नाआधी सहाही पॉकेट्सची रुंदी, आतल्या कडांचे कोन आणि चेंडू खाली पडण्याआधीची सपाट जागा मोजून ती मापं कॅमेऱ्यासमोर वाचावीत. रन संपल्यावर टेबलाला कुणी हात लावण्याआधी पुन्हा मोजावं, कारण शेकडो चेंडू आदळल्यावर पट्ट्या सैल होऊ शकतात. प्रत्येक वेळी त्रिकोण रचताना पॉकेट्स रिकामी करावीत. मधेच एखादी पट्टी निखळली तर खेळ तिथेच थांबवून दुरुस्ती करायची, की रन तिथेच संपला असं मानायचं, हेही आधी लिहून ठेवावं आणि खेळाडूने त्यावर सही करावी. आणि मग विक्रमांच्या यादीत खेळाडूच्या नावापुढे आकडा लिहावा, आकड्यापुढे टेबलाची लांबी आणि तिच्यापुढे पॉकेटचं माप.