आधी माल, मग दवंडी

वाणिज्य शाखेच्या वर्गात जाहिरातीचे प्रकरण निघाले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा सावरून बसतात. उत्पादनखर्च, घसारा, साठ्याचे मूल्यमापन हे सगळे त्यांना रूक्ष वाटते. जाहिरातीत मात्र रंग असतो, चित्र असते, चटकदार शब्द असतात. मग एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, नव्या मालाच्या जाहिरातीवर किती खर्च करावा?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. जो माल तुम्ही लोकांपुढे मांडणार, तो मांडण्याजोगा झाला आहे का?

पूर्वी गावात दवंडी पिटायची तर डफवाल्याला चावडीपासून वेशीपर्यंत हिंडावे लागे. आज हातातल्या मोबाइलवरून एका संध्याकाळी हजार घरी निरोप जातो आणि खर्च जवळजवळ काहीच येत नाही. दवंडी स्वस्त झाली, माल तयार करणे मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले. म्हणूनच आधी दवंडी पिटून मोकळे व्हावे आणि माल मागाहून सुधारावा, असा मोह पडतो. या मोहाची किंमत कोण मोजतो, एवढाच आजचा विषय आहे.

त्यासाठी आपल्याच मुलखातला एक नांगर पाहू.

बेळगावात सायकलींचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर शेतीच्या अवजारांकडे वळले. कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. आपल्याकडचा नांगर तोवर लाकडाचा होता. काळ्या, चिवट जमिनीत तो ओढायला बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगर जमीन खोल फोडी आणि माती उलथून टाकी. म्हणजे माल उपयोगाचा होता यात शंका नाही. तरी तो खपेना. पहिले मोजके नांगर विकले जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही समजूत ऐकून आपण हसतो. पण क्षणभर त्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून पाहा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुरुस्त करी, फाळ बोथट झाला तर लोहार तो शेवटून देई. दोघेही बलुतेदार. त्यांना सुगीला धान्य दिले की वर्षभराची काळजी मिटली. म्हणजे त्या जुन्या नांगराबरोबर त्याची दुरुस्तीही घरी आलेली असे. लोखंडी नांगर मात्र एकटाच यायचा. त्याचा फाळ झिजला तर नवा कोठून आणायचा? ऐन नांगरटीत तो अडला तर काय करायचे? नांगर बिघडला म्हणून पाऊस थांबत नाही. कारखानदाराचा एक नांगर वाया गेला तर त्याचे थोडे लोखंड वाया जाते, पण शेतकऱ्याचा हंगाम गेला तर त्याच्या घरचे वर्ष जाते. विषाची गोष्ट खोटी असेल, भीती मात्र खोटी नव्हती.

अशा वेळी मोठा गाजावाजा करून काय साधले असते? फार तर आणखी हजार शेतकऱ्यांनी ‘नको’ म्हटले असते. लक्ष्मणरावांच्या कामाचा क्रम पाहा. १९०३ साली नांगर झाला. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडीची वसाहत उभी राहिली. आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले ते १९२० साली. नांगर आणि मासिक यांच्यात सतरा वर्षे गेली. एवढ्या काळात नांगर अनेक शिवारांतून फिरला होता आणि वापरणारे बोलू लागले होते. मासिकाने त्या बोलण्याला गावोगाव नेले. तेच मासिक पुढे मराठी वाङ्मयात नावारूपाला आले, ती गोष्ट निराळी. त्याच्या मुळाशी एक पक्का नांगर होता हे विसरू नये.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. ते जपानचे आहे, आणि ज्या कंपनीचे आहे ती आज पक्क्या मालासाठीच जगभर ओळखली जाते.

टोयोटा कंपनीने १९५५ साली जपानात ‘क्राउन’ नावाची मोटार काढली. तिकडचे रस्ते त्या वेळी बरेचसे कच्चे आणि खडबडीत होते. त्या रस्त्यांना पुरून उरेल अशी ही दणकट मोटार टॅक्सीवाल्यांना पसंत पडली. घरच्या यशाने हुरूप आला. १९५७ च्या ऑगस्टमध्ये नमुन्याच्या दोन गाड्या अमेरिकेत उतरवण्यात आल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथे विक्रीसाठी स्वतंत्र कंपनीही स्थापन झाली. मध्ये दोन-तीन महिने गेले असतील नसतील.

अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर मात्र निराळाच अनुभव आला. तिथे मोटारी तासन्‌तास एकाच भरधाव वेगाने धावतात. क्राउनचे इंजिन दीड लिटरचे, गाडी वजनाला भारी. त्या वेगात इंजिन तापू लागले, गाडी थरथरू लागली, चढावर तिचा दम उखडू लागला. १९५८ या पहिल्या वर्षात तिथे अवघ्या २८७ क्राउन मोटारी आणि एक लँड क्रूझर एवढाच खप झाला. शेवटी १९६० च्या अखेरीस कंपनीने आपल्या प्रवासी मोटारी अमेरिकेला पाठवणे थांबवले. काही काळ एकट्या लँड क्रूझरवर दुकान चालवले. तिथला वेग, तिथली अंतरे, तिथल्या गिऱ्हाइकाच्या सवयी ध्यानात घेऊन, अधिक ताकदीचे इंजिन बसवलेली ‘कोरोना’ ही मोटार १९६५ साली त्यांनी तिकडे नेली आणि मग त्यांचे पाय तिथे रोवले गेले.

या गोष्टीतले मर्म नीट ध्यानात घ्या. क्राउन ही काही वाईट मोटार नव्हती, ती दुसऱ्या रस्त्यांची मोटार होती. माल ‘पक्का’ झाला हे कारखान्याच्या फाटकाआत ठरत नाही. जिथे तो वापरला जाणार तिथे, जो वापरणार त्याच्या हातात, त्याच्या हवेत, त्याच्या घाईत तो टिकला तरच तो पक्का. लक्ष्मणरावांच्या नांगराची कसोटी काळ्या रानात होती, क्राउनची हमरस्त्यावर होती. एकाने ती वेळेवर ओळखली, दुसऱ्याला ती २८७ गिऱ्हाइकांच्या खर्चाने कळली.

‘गिऱ्हाइकांच्या खर्चाने’ हे शब्द मी जाणून वापरतो. कोणताही नवा माल म्हणजे एक प्रयोग असतो आणि प्रयोग म्हटला की काही नुकसान आलेच. प्रश्न इतकाच, की ते सोसायचे कोणी? माल आपल्या घरी तपासला तर नुकसान आपले. कच्चा माल गाजावाजा करून विकला तर तेच नुकसान आपण शेकडो अनोळखी माणसांच्या पदरात टाकतो, वर त्यांच्याकडून पैसेही घेतो. कायद्याच्या पुस्तकात याला प्रत्येक वेळी फसवणूक म्हणतील असे नाही. पण ज्याच्या पदरी ते पडते तो त्याला दुसरे नाव देत नाही. जाहिरात जितकी चांगली, तितकी अधिक माणसे तो दोष आपल्या डोळ्यांनी पाहतात. चांगली जाहिरात वाईट मालाला वाचवीत नाही, ती त्याला लवकर बुडवते.

तुम्ही म्हणाल, ‘हे मोठमोठ्या कारखान्यांचे झाले, आम्ही चार बायका मिळून लोणची-पापड करतो, आम्हाला काय त्याचे?’ खरे सांगायचे तर हे तुम्हालाच अधिक लागू आहे. मोठ्या कंपनीला एक मोटार फसली तर दुसरी काढता येते. बचत गटाचे पहिलेच लोणचे बुरसले तर गटातल्या बायकांचे साठवलेले पैसे जातात आणि गावात ‘त्यांचे लोणचे टिकत नाही’ हे वाक्य लोणच्यापेक्षा जास्त दिवस टिकते. तेव्हा चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, माल नातेवाइकांना चाखायला देऊन थांबू नका. मावशी आणि नणंद ‘छान झालंय हो’ म्हणणारच. वीस अनोळखी घरी तो पैसे घेऊन द्या. महिन्याने जा आणि ‘कसे वाटले?’ असे विचारू नका, कारण तोंडावर वाईट कोणी म्हणत नाही. बरणी रिकामी झाली का, आणि दुसरी हवी का, एवढेच पाहा. रिकामी बरणी खोटे बोलत नाही.

दुसरी गोष्ट, मालाला त्याचा पावसाळा दाखवा. उन्हाळ्यात घातलेले कैरीचे लोणचे मे महिन्यात कोणाचेही चांगलेच असते. मीठ कमी पडले, फोडींना पाणी राहिले, बरणी ओलसर होती, हे सगळे उघडे पडते ते श्रावणात. पापडाचेही तेच, दमट हवेत तो मऊ पडतो की कडक राहतो ते पाहायला हवे. प्रत्येक खेपेतल्या दोन बरण्या, दोन पुडे तारीख घालून घरी ठेवा आणि चार महिन्यांनी उघडा. यात एक हंगाम जाईल. जाऊ द्या. आपला गेलेला बरा, गिऱ्हाइकाचा नको.

तिसरी गोष्ट, हाताचा अंदाज कागदावर उतरवा. ‘मूठभर मीठ, चिमूटभर हिंग’ हे एका सुगरणीच्या हाताला ठीक असते. मागणी वाढली की दुसरे हात लागतात आणि प्रत्येकाची मूठ निराळी असते. दहाव्या खेपेचा पापड पहिल्या खेपेसारखा लागला पाहिजे. त्यासाठी मूठ ग्रॅममध्ये मोजावी लागते. माल तयार झाला म्हणजे तो एकदा चांगला झाला असे नव्हे, तो पुन्हा पुन्हा तसाच करता येऊ लागला असा त्याचा अर्थ.

चौथी गोष्ट नांगराकडून शिकायची. बिघडलेल्या मालाचे काय करायचे ते आधी ठरवा. पुड्यावर तारीख हवी, पत्ता हवा, आणि त्या पत्त्यावर खराब पुडा बदलून देणारे माणूस हवे. दुरुस्ती आणि बदलून देणे हीसुद्धा मालाचीच एक बाजू आहे. ती तयार नसेल तर माल अर्धाच तयार आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. अशी वाट पाहत बसले तर माल बाजारात जाणार कधी? भांडवल अडकते, घरचे बोलू लागतात, शेजारचा पुढे निघून जातो. काही माणसे तर परिपूर्णतेच्या मागे लागून आयुष्यभर नमुनेच करीत राहतात. ते मला अभिप्रेत नाही. किर्लोस्करांचा नांगरही निर्दोष होईपर्यंत कारखान्यात झाकून ठेवलेला नव्हता, तो विकायला काढलेलाच होता. विकणे आणि दवंडी पिटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. थोड्यांना विका, लवकर विका, ‘हा पहिला माल आहे, दोष दिसला तर सांगा’ असे उघड सांगून विका. दवंडी मात्र थांबवा.

किती थांबवायची याला एक माप आहे. दोष दोन जातीचे असतात. तिखट थोडे कमी हवे, पुडा लहान हवा, रंग निराळा हवा, हे दोष गिऱ्हाइकाच्या संगतीने सुधारता येतात. त्यांच्यासाठी अडून बसू नये. पण ज्या दोषाने गिऱ्हाइकाचे पोट बिघडेल, हंगाम जाईल, गाडी वाटेत बंद पडेल, तो दोष ठाऊक असताना किंवा त्याची तपासणी झालेली नसताना एकही नग विकायचा नाही, मग दिवाळी चार दिवसांवर आलेली का असेना.

आणि दवंडीची वेळ झाली हे कसे ओळखायचे? तुम्ही न सांगता, पहिल्या वीस घरांच्या ओळखीने एकविसावे घर तुमचे दार विचारीत आले की ओळखा. तुमच्या मालाबद्दल दुसरे कोणीतरी बोलू लागले आहे. आता खुशाल जाहिरात करा, रंगीत करा, मोठ्या अक्षरांत करा. तोवर पैसा हाताशी असेल तर तो मालावर घाला. जाहिरातीवर किती खर्च करावा, या माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नालाही माझे पहिले उत्तर हेच असते.